प्रश्न विचारायला आलंय कोण?

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची सामाजिक संशोधन संस्था पाऊणशेहून अधिक वर्षं प्रश्न विचारून उत्तरं टिपते आहे. ॲन आर्बरमधल्या या संस्थेची सुरुवात १९४६ ची. तिचे संस्थापक रेन्सिस लिकर्ट आधी अमेरिकेच्या शेती खात्यात लोकांच्या पाहण्या करायचे. दुसरं महायुद्ध संपल्यावर ते सहकाऱ्यांना घेऊन मिशिगनला आले. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ ही पाच खणांची पट्टी आपण आज बँकेतही भरून देतो, ती त्यांचीच, १९३२ सालची.

संस्थेकडे लक्ष गेलं ते १९४८ साली. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत गॅलपसह नामांकित पोलवाले ड्यूईंना निवडून देऊन मोकळे झाले आणि जिंकले ट्रुमन. मिशिगनने त्या ऑक्टोबरात एक छोटी पाहणी केली होती, तीही मुळात परराष्ट्र धोरणावर. मत कुणाला, हे जाता जाता विचारलेलं. तिच्यात मात्र लढत चुरशीची दिसत होती आणि बऱ्याच जणांचं अजून ठरलेलं नव्हतं.

पोलवाल्यांची माणसं एवढे पुरुष, एवढ्या बायका, एवढे गरीब असा कोटा भरत. नेमकं कुणाला विचारायचं, हे त्यांच्या मर्जीवर. मिशिगनने ही मर्जीच काढून घेतली. तेव्हाच्या हंगेरीत जन्मलेले आणि स्पेनच्या यादवीत फॅसिस्टांविरुद्ध लढून आलेले लेस्ली किश इथले संख्याशास्त्रज्ञ. त्यांचा तक्ता १९४९ चा. दार उघडलं की मुलाखतकाराने घरातली सगळी प्रौढ माणसं लिहून घ्यायची: आधी पुरुष, वयाने मोठा वर, मग त्याच क्रमाने बायका. मग कागदावर आधीच छापलेला तक्ता पाहायचा. चार माणसं असतील आणि तक्ता तीन म्हणत असेल, तर तिसऱ्या क्रमांकाशीच बोलायचं. ती व्यक्ती कामावर गेली असेल तर पुन्हा यायचं. समोर बसलेल्या बोलक्या आजोबांना विचारून भागवायचं नाही. आपल्याकडे चहाच्या टपरीवर चार जणांना विचारून ‘जनतेचा कौल’ सांगणाऱ्यांना हा तक्ता भेट द्यावा.

माणूस तर नेमका निवडला. पण तो बोलतो ते त्याचं मत असतं का? याच संस्थेच्या फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ साली अप्रिय उत्तर दिलं. त्याच माणसांना तेच प्रश्न दोन-दोन वर्षांनी विचारले, तर बऱ्याच जणांची उत्तरं इकडून तिकडे हेलकावत होती. मत नसतंच, पण पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून तिथल्या तिथे काहीतरी सांगितलं जातं. पोटापाण्याचा धंदाच प्रश्न विचारण्याचा असलेल्या संस्थेतून हे यावं, हे मला तिथल्या कुठल्याही भाकितापेक्षा मोठं वाटतं.

खरी कसोटी लागली ती वंशाच्या प्रश्नावर. जुलै १९६७ मध्ये मिशिगनमधलं डेट्रॉइट शहर वांशिक दंगलीत पेटलं, ४३ माणसं मेली. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या पाहणीत हॉवर्ड शुमन आणि जीन कॉन्व्हर्स यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांकडे काही ठिकाणी गोरे, काही ठिकाणी कृष्णवर्णीय मुलाखतकार पाठवले, प्रश्न तेच. घर, नोकरी, भेदभावाचे अनुभव यांवरची उत्तरं फारशी बदलली नाहीत. पण गोऱ्यांवर विश्वास आहे का, असं विचारणाराच गोरा असला की राग निवळायचा, भाषा मवाळ व्हायची. १९७५ मध्ये शर्ली हॅचेट आणि शुमन यांनी उलट बाजूही दाखवली: कृष्णवर्णीय मुलाखतकार समोर असला की गोरे उत्तरदाते अधिक उदार व्हायचे. भिडस्तपणा दोन्हीकडचा, फक्त एका बाजूला भीतीही होती.

याच संस्थेच्या जेम्स जॅक्सन यांनी यातून पुढची वाट काढली. १९७९-८० च्या त्यांच्या देशव्यापी पाहणीत २१०७ कृष्णवर्णीय अमेरिकनांशी कृष्णवर्णीय मुलाखतकारच बोलले. गोऱ्यांशी तुलना हा हेतू नव्हता. हे लोक आपापसांत कसे वेगळे आहेत, ते पाहायचं होतं. तोवरच्या राष्ट्रीय पाहण्यांत त्यांची संख्या इतकी तुटपुंजी असे की हे विचारताच येत नसे. हेच जॅक्सन पुढे संस्थेचे संचालक झाले.

या घराण्याचा एक धागा भारतातही आहे. मिशिगनचे सॅम्युअल एल्डर्सव्हेल्ड आणि दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचे बशीरुद्दीन अहमद यांनी भारतीय मतदारावर मिळून लिहिलेलं पुस्तक १९७८ साली आलं. आपल्या गावात जातीबद्दल विचारायला कुणाच्या आडनावाचा माणूस गेला, यावर उत्तर किती फिरत असेल, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

मिशिगनच्या निवडणूक अभ्यासाच्या प्रश्नावल्या आणि आकडे कुणालाही पाहता येतात. आपल्या वाहिन्यांनी आणि वर्तमानपत्रांनीही टक्केवारीच्या खाली एवढं छापावं: प्रश्न नेमका काय होता, तो कुठल्या भाषेत विचारला आणि विचारायला कोण गेलं होतं.