नवी मोटार, जुनी जखम : ताबा घ्यावा की नाकारावा?

नव्या मोटारीच्या खरेदीत ग्राहकाचा सर्वाधिक वेळ जातो तो मॉडेल, रंग आणि कर्जाचा हप्ता ठरविण्यात. प्रत्यक्ष गाडी ताब्यात घेण्याचा सोहळा मात्र अर्ध्या तासात उरकला जातो. हार, नारळ, पेढे, छायाचित्र आणि हातात किल्ली. नेमक्या याच अर्ध्या तासात एखाद्या दारावर रंगाची किंचित वेगळी छटा दिसली, किंवा ‘वाहतुकीत थोडे घासले होते, आम्ही व्यवस्थित करून दिले आहे,’ असे विक्रेत्यानेच सांगितले, तर काय करावे? दुरुस्त झालेली ही ‘नवी’ गाडी स्वीकारावी की परत पाठवावी? या प्रश्नाचे सरसकट उत्तर नाही. मात्र उत्तर शोधण्याची एक निश्चित रीत आहे.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे, की कारखान्यातून बाहेर पडलेली मोटार थेट ग्राहकाच्या दारी येत नाही. ती ट्रेलरवर किंवा रेल्वेने शेकडो किलोमीटर प्रवास करते, विक्रेत्याच्या यार्डात उन्हापावसात उभी राहते आणि अनेक चालकांच्या हातून मागे-पुढे होते. ट्रेलरवर चढविता-उतरविताना बंपर घासणे, शेजारच्या गाडीचे दार लागणे, झाडाची फांदी पडणे असे प्रकार घडतातच. कारखान्यातही अंतिम तपासणीत आढळलेला रंगाचा दोष तिथल्या तिथे दुरुस्त केला जातो. त्यामुळे दुरुस्ती झाली एवढ्यावरून फसवणूक झाली असा निष्कर्ष काढता येत नाही. फसवणुकीचा प्रश्न उभा राहतो तो दुरुस्ती लपविली गेल्यावर.

या संदर्भात अमेरिकेतील एक खटला जगभर गाजला. अलाबामा राज्यातील एका डॉक्टरांनी १९९० मध्ये सुमारे ४० हजार ७५० डॉलरना नवी बीएमडब्ल्यू मोटार घेतली. नऊ महिन्यांनी गाडीला चकाकी आणण्यासाठी ते एका दुकानात गेले असता ती पुन्हा रंगविलेली असल्याचे उघड झाले. जर्मनीहून येताना तिच्या रंगाची हानी झाली होती, बहुधा आम्लवर्षेमुळे. कंपनीने सुमारे ६०१ डॉलर खर्चून ती रंगविली होती. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांपेक्षा कमी असेल तर विक्रेत्यालाही काही न सांगता गाडी नवी म्हणून विकायची, असे कंपनीचे धोरणच होते. पंचांनी ४ हजार डॉलरची भरपाई आणि वर ४० लाख डॉलरचा दंड ठोठावला. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा दंड २० लाखांवर आणला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तोही अवाजवी ठरविला. दंडाच्या आकड्याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ग्राहकाच्या दृष्टीने बोधप्रद आहे तो ४ हजारांचा आकडा. दुरुस्तीला ६०१ डॉलर लागले असले, तरी पुन्हा रंगविलेल्या गाडीचे बाजारमूल्य सुमारे दहा टक्क्यांनी घटते, ही साक्ष पंचांनी ग्राह्य मानली. दुरुस्तीचा खर्च आणि ग्राहकाचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे सदोष मोटारींसाठी अमेरिकेतील ‘लेमन लॉ’सारखा स्वतंत्र कायदा नाही. तथापि ग्राहक निराधारही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे, तीत जुना, वापरलेला, पुन्हा बांधलेला किंवा नूतनीकरण केलेला माल नवा म्हणून खोटेपणाने विकणे याचा स्पष्ट समावेश आहे. १९८६ च्या मूळ कायद्यातही ही तरतूद होती. वस्तूच्या दर्जाविषयी माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क म्हणूनही मान्य झालेला आहे.

याबाबत गोव्यातील एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ग्राहकाने २०११ चे मॉडेल मागितले होते. पदरात पडली ती २००९ ची, ६२२ किलोमीटर धावलेली आणि खालच्या बाजूने गंजलेली गाडी. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या निकालात न्यायालयाने विक्रेत्याची जबाबदारी कायम ठेवली; परंतु उत्पादक कंपनीला त्यातून मुक्त केले. गाडीची ही अवस्था कंपनीला ठाऊक होती, असा पुरावा समोर आला नव्हता आणि विक्रेता हा कंपनीचा निव्वळ प्रतिनिधी नसून स्वतंत्र व्यापारी होता, हे त्यामागील कारण. यावरून एक धडा मिळतो. तक्रार पहिल्या दिवसापासून विक्रेता आणि कंपनी या दोघांनाही लेखी कळविली पाहिजे.

ग्राहकाचे हात सर्वाधिक बळकट असतात ते ताबा घेण्यापूर्वी. मालविक्री कायदा, १९३० च्या ४१व्या कलमानुसार माल तपासण्याची वाजवी संधी मागण्याचा खरेदीदाराला अधिकार आहे. ४२व्या कलमानुसार मात्र, माल स्वीकारल्याचे कळविले, मालक या नात्याने त्याचा वापर केला किंवा वाजवी मुदतीत नकार न कळविता तो ठेवून घेतला, की ‘स्वीकार’ झाला असे मानले जाते. एकदा स्वीकार झाला, की सर्वसाधारणपणे माल नाकारण्याचा हक्क सरतो आणि केवळ भरपाईची मागणी उरते. मोटारीच्या बाबतीत यात नोंदणीची, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘पासिंग’ची भर पडते. गाडी आपल्या नावावर नोंदली गेली, एकरकमी वाहनकर भरला गेला, की ती परत घेणे विक्रेत्याला फार अडचणीचे होते, कारण ती कागदोपत्री वापरलेली गाडी ठरते. म्हणून तपासणी करायची ती यार्डात, भर दिवसा, नोंदणीपूर्वी आणि शक्य तर कर्जाची रक्कम विक्रेत्याला वितरित होण्यापूर्वी.

आता मुख्य प्रश्न. दुरुस्ती कोणत्या प्रतीची आहे? सोयीसाठी तिचे तीन वर्ग करता येतील.

पहिला वर्ग वरवरच्या दुरुस्तीचा. प्लास्टिकचा बंपर बदलणे, आरसा किंवा दिवा नवा बसविणे, पॉलिशने निघणारा ओरखडा. भाग कंपनीचा मूळ असेल आणि काम नीट झाले असेल, तर अशी गाडी नाकारण्याचे सबळ कारण उरत नाही.

दुसरा वर्ग पत्र्याच्या डेंटिंग-पेंटिंगचा. येथे थोडे तंत्र समजून घ्यावे लागते. कारखान्यात गाडीचा रिकामा सांगाडा गंजरोधक द्रावणात बुडविला जातो आणि रंगाचे थर १४० अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक तापमानाला भट्टीत पक्के केले जातात. गॅरेजमध्ये गाडीत वायरिंग, प्लास्टिक, काचा आधीच असल्याने साधारण ६० ते ८० अंशांवरच रंग वाळवावा लागतो. कुशल कारागीर उत्तम काम करू शकतो, पण ती प्रक्रिया कारखान्याची नव्हे. पत्रा ठोकून त्यावर पुट्टी भरली असेल, तर काही वर्षांनी तेथे फुगवटा येण्याची किंवा रंग वेगळा दिसू लागण्याची शक्यता राहते. अशी गाडी स्वीकारणे हा सर्वस्वी सौद्याचा विषय आहे. ग्राहकाने ते बंधन मानू नये.

तिसरा वर्ग सांगाड्याच्या हानीचा. चेसिसचे लांब आडे, छताला तोलणारे खांब, पुढील चाकांभोवतीचा पत्रा यांना मार बसून तेथे वेल्डिंग झाले असेल, किंवा एअरबॅग उघडून बदलल्या गेल्या असतील, तर गाडी स्वीकारू नये. धडकेचा आघात पचविण्यासाठी हे भाग विशिष्ट रीतीने दुमडतील असे योजलेले असतात. दुरुस्तीनंतर ते तसेच वागतील याची खात्री ग्राहकाला करून घेता येत नाही. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचेही तेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर बुडालेल्या मोटारी मुंबईकरांनी पाहिल्या आहेत. पाणी ओसरते; पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा महिनोन्‌महिने आपले काम करीत राहतो. येथे कितीही सवलत मिळाली तरी ती अपुरीच.

दुरुस्ती ओळखायची कशी? गाडी धुतलेली व कोरडी असावी. उन्हात तिरक्या कोनातून शेजारशेजारचे पत्रे न्याहाळावेत. रबरी बीडिंगवर रंगाचे शिंतोडे, बॉनेट किंवा दाराच्या बोल्टवर पान्याच्या खुणा, दोन्ही बाजूंच्या फटींत तफावत, एखाद्याच काचेवर वेगळी तारीख या गोष्टी बोलक्या असतात. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळाले तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. एखाद्याच पत्र्यावर २०० हून अधिक आकडा आला तर तो पुन्हा रंगविल्याचा संशय घ्यावा. पुट्टी असल्यास आकडा कित्येक पटींनी वाढतो. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र हे नेहमीचे यंत्र चालत नाही. पुराचा संशय असल्यास गालिचा उचलून गाळ पाहावा आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून डाग शोधावेत. चेसिस क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि धावलेले किलोमीटर कागदपत्रांशी ताडून पाहावेत.

दुसऱ्या वर्गातील गाडी स्वीकारायचीच असेल, तर आधी दुरुस्तीचे जॉब कार्ड आणि दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे मागावीत. ती देण्यास टाळाटाळ होत असेल तर तेवढे कारणही नकाराला पुरेसे आहे. समजा, दहा लाखांच्या गाडीच्या दारावर पंधरा हजारांचे काम झाले आहे. विक्रेता पंधरा हजारांची सवलत देऊ करील आणि हिशेब चुकता झाला असे म्हणेल. वास्तविक, पुढे गाडी विकताना ‘दार रंगवलेले आहे’ असे म्हणत खरेदीदार जी किंमत पाडेल, तो ग्राहकाचा खरा तोटा. सौदा त्या आकड्यावर व्हावा. शिवाय ही सवलत बिलात दिसावी. सीट कव्हर आणि पायपुसण्यांच्या रूपाने नव्हे. काय बिघडले, काय बदलले आणि त्या भागाच्या रंगाची व गंजरोधाची हमी कंपनी पूर्ववत देईल, हे विक्रेत्याच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी घ्यावे.

ताब्यापूर्वीच्या हानीचा दावा आपल्या नव्या विमा पॉलिसीवर नोंदविण्यास कदापि संमती देऊ नये. ती हानी आपल्या मालकीच्या काळातली नाही आणि दाव्यामुळे पहिल्या वर्षाअखेर मिळणारी २० टक्के ‘नो क्लेम’ सवलतही हातची जाते.

दोष ताब्यानंतर उघड झाला तर? त्याच दिवशी छायाचित्रे काढून विक्रेता व कंपनीला ई-मेल करावा, अन्य गॅरेजकडून दुरुस्ती करवून पुरावा नष्ट करू नये आणि तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय घ्यावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे तोडगा न निघाल्यास दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते आणि ५० लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगच पुरेसा आहे. मात्र एखाद्या सुट्या भागाच्या बिघाडासाठी संपूर्ण गाडी बदलून मिळेल, अशी अपेक्षा धरू नये. भाग बदलून दोष दूर होत असेल तर गाडी बदलण्याचा आदेश देऊ नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये घेतली आहे. दोष लपवून विक्री झाली, हे सिद्ध करण्यावरच अशा तक्रारीची भिस्त असते.

बहुतेक ग्राहक या साऱ्याकडे दुर्लक्ष करतात ते अज्ञानामुळे नव्हे, तर मुहूर्तामुळे. पाडवा किंवा दसरा उद्यावर आलेला असतो, घरची मंडळी वाट पाहत असतात आणि दुसऱ्या गाडीसाठी महिनाभर थांबावे लागेल, असे विक्रेता सुचवितो. हा दबाव टाळण्याचा साधा मार्ग म्हणजे तपासणी मुहूर्ताच्या किमान आठवडाभर आधी उरकणे. मुहूर्त पुन्हा येतो. सही केलेली ताबापावती मात्र परत घेता येत नाही.