दुधावाचून दूध

बेळगाव हे कुंद्याचे गाव. अशा गावात राहून 'मला दूध पचत नाही' असे सांगण्याची मला पुष्कळ दिवस लाज वाटत असे. सकाळी पेलाभर दूध घेतले की तासाभरात पोट डब्ब होई, गुडगुडू लागे आणि पहिल्या तासाला वर्गात बसणे कठीण होई. आजीचे म्हणणे एकच, "डोळे मिटून पी, होईल सवय." सवय काही झाली नाही. नवल हे की दही आणि ताक मला कधीच बाधत नसे.

कारण मागाहून समजले. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे साडेचार ते पाच ग्रॅम. ती पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. तान्ह्या मुलांत ते भरपूर असते, पण जगातील पुष्कळ माणसांत वय वाढते तसे ते कमी होत जाते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तेथील जिवाणू ती आंबवतात आणि वायू धरतो. दही लागताना त्यातील काही साखर जिवाणूंनी आधीच संपवलेली असते, म्हणून ते सोसते. तेव्हा हे नखरे नव्हेत, आणि रोगही नव्हे. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी ही मात्र निराळी गोष्ट. तीत दहीसुद्धा चालत नाही.

दुधाला पर्याय शोधणारा मी काही पहिला नव्हे. आमच्या बेळगावात १९२४ साली काँग्रेसचे अधिवेशन झाले, त्याचे अध्यक्ष महात्मा गांधी होते. त्यांनी १९१२ साली दूध सोडले होते. पुढे १९१८ साली मोठे आजारपण आले, अंगात त्राण उरले नाही, आणि अखेर त्यांना शेळीचे दूध घ्यावे लागले. व्रताचा शब्द पाळला पण भाव मोडला, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. दुधाची जागा भरून काढील असा वनस्पतिज पदार्थ त्यांना हवा होता; तो मिळाला नाही. दुधात असणारे आणि वनस्पतींत नसणारे ब-१२ हे जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळे काढले तेच मुळी १९४८ साली. सांगण्याचा हेतू असा की, रंग पांढरा आला म्हणजे दूध झाले असे नव्हे. आपण केलेल्या पेयात काय आले आणि काय राहिले, हे माहीत हवे.

घाटाखाली गोव्यात आणि कोकणात नारळाचे दूध घरोघर निघते. चवीला ते उत्तम, पण त्यात मुख्यतः स्निग्धांश असतो, प्रथिने थोडीच. प्रथिनांसाठी शेंगदाणे बरे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, आणि ते आपल्याकडे कोणत्याही दुकानात मिळतात.

माझी रीत अशी. १०० ग्रॅम शेंगदाणे नीट निवडून घ्यावेत. बुरसट, काळपट, सुरकुतलेले दाणे निर्दयपणे फेकावेत, कारण बुरशीचे विष उकळूनही जात नाही. निवडलेले दाणे रात्रभर भिजत घालावेत. सकाळी ते पाणी टाकून, साले चोळून काढून, दाणे थोड्या पाण्यात अगदी बारीक वाटावेत. मग एकूण पाणी ६०० मिलिलिटर होईल असे मिसळून मलमलच्या फडक्यातून पिळून गाळावे. चोथा टाकू नये, थालीपिठात खपतो. गाळलेले दूध मंद आचेवर ढवळत दहा मिनिटे उकळावे. त्याने कच्चट वास जातो. फेस चटकन वर येतो, म्हणून भांडे मोठे घ्यावे.

यात उणीव राहते ती कॅल्शियमची. गाईच्या पेलाभर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. आपल्या पेल्यात जेमतेम ३०. यावर तोड सुचवली ती वसतिगृहातल्या माझ्या कन्नड मित्राने. त्याच्या घरी रोज रागीची अंबली होते. रागी म्हणजे आपली नाचणी. तिच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तीन चमचे नाचणीचे पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या दुधात सोडावे आणि पाच-सात मिनिटे शिजवावे. पीठ वस्त्रगाळ करू नये. नाचणीचे बरेचसे कॅल्शियम तिच्या टरफलात असते. एवढे करूनही दुधाची बरोबरी होत नाही. ती भर दही, तीळ, पालेभाज्या यांनी काढावी लागते.

आता फळे. पहिल्या खेपेला मी मोठ्या हौसेने गरम दुधात संत्र्याचा रस ओतला. क्षणात चोथा एकीकडे, पाणी एकीकडे! खोलीतले मित्र पोट धरधरून हसले. आम्लाने प्रथिनांच्या गुठळ्या होतात. गाईचे दूध लिंबाने नासते तसेच हे. म्हणून दूध पुरते गार होऊ द्यावे आणि गोड फळे घ्यावीत. पिकलेली दोन केळी किंवा तीन चिकू घालून घुसळावे. पूर्ण पिकलेला आंबाही चालतो, कच्चट नको. गोडीसाठी तीन-चार खजूर पुरतात. साखर घातली तर आरोग्याचे नाव घेऊ नये. चिमूटभर मीठ आणि वेलची घालावी. आंबटच हवे असेल तर नारळाचे दूध आणि आमसूल, म्हणजे आपली सोलकढी, हे लग्न पूर्वीच जमलेले आहे.

एवढ्यात तीन पेले होतात, आणि पेल्यामागे सुमारे पाच ग्रॅम प्रथिने धरायला हरकत नाही. पेय त्याच दिवशी संपवावे. ते साध्या दुधासारखेच लवकर बिघडते. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याने याच्या वाटेस जाऊ नये. आणि वर्षाच्या आतील मुलाला आईच्या दुधाऐवजी हे कदापि देऊ नये. ज्यांच्या आहारात दूध, दही, अंडी, मासे यांपैकी काहीच नाही त्यांनी ब-१२ बद्दल डॉक्टरांना विचारावे.

सुटीत घरी गेलो तेव्हा चिकू घातलेला पेला आजीपुढे ठेवला. तिने तो रिकामा केला आणि म्हणाली, "चांगलं झालंय. पण दूध म्हणू नकोस हो याला." मी वाद घातला नाही. नाव काही का असेना, हल्ली पहिल्या तासाला मी स्वस्थ बसतो.