काळ्याहून काळा निळा

डिसेंबराच्या उत्तरार्धात लंडनमध्ये दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो, आणि नाताळापासून नववर्षापर्यंतच्या ज्या मेजवान्यांकरिता तेथील स्त्रीपुरुष आपला ठेवणीतला पोशाख बाहेर काढतात, त्या बहुतेक सगळ्या दिव्यांच्याच उजेडात पार पडतात. वस्त्राचा रंग ठरवताना मात्र या साध्या वस्तुस्थितीची दखल क्वचितच घेतली जाते. काळा रंग हा अशा समारंभांचा शिरस्ता होऊन बसला आहे. १८६१ साली वैधव्य आल्यापासून १९०१ साली मृत्यू येईपर्यंत व्हिक्टोरिया राणीने जो रंग शोकचिन्ह म्हणून अंगावर वागवला, तोच रंग १९२६ साली ‘व्होग’ या नियतकालिकाने कोको शानेलच्या साध्या काळ्या झग्याचे रेखाचित्र छापून त्याची तुलना फोर्डच्या मोटारीशी केल्यानंतर सायंकालीन वैभवाचा रंग ठरला.

या शिरस्त्याला एक जुना आणि विचारपूर्वक घेतलेला अपवाद आहे. पुढे आठवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेला, आणि १९३६ च्या डिसेंबरात ती सोडून विंडसरचा ड्यूक झालेला राजपुत्र रात्रीच्या पोशाखासाठी काळ्याऐवजी मध्यरात्रीच्या आकाशासारखा गर्द निळा रंग पसंत करीत असे. अशा कापडाविषयी शिंप्यांची जुनी जबानी अशी, की ते दिव्याखाली काळ्याहूनही अधिक काळे दिसते. प्रथमदर्शनी ही केवळ गिऱ्हाईक खूश करण्याची मखलाशी वाटते. पण पदार्थविज्ञानाच्या कसोटीवर तिची रुजुवात घेतली, तर ती खरी ठरते.

सर्व प्रकाश गिळून टाकतो तो काळा, ही व्याख्या पुस्तकात शोभते. रंगाऱ्याच्या कढईतून असा काळा कधीच निघत नाही. लोकरी कापडाचा जुना काळा रंग मध्य अमेरिकेतील लॉगवुड वृक्षाच्या गाभ्यात लोखंडाचे किंवा क्रोमियमचे क्षार मिसळून सिद्ध होई, आणि कालांतराने तो विटून तांबूस किंवा हिरवट दिसू लागे. सुती कापडासाठी जॉन लाइटफूटने १८६३ च्या सुमारास ‘अ‍ॅनिलिन ब्लॅक’ प्रचारात आणला. त्यालाही हिरवटपणाची व्याधी होती, कारण गंधकाच्या धुराशी संबंध आला की तो पालटे, आणि कोळसा व दिव्याचा वायू जाळणाऱ्या शहरांत त्या धुराला तोटा नव्हता. नवा, निर्दोष काळा रंगही वर्णपटाच्या तांबड्या टोकाशी थोडा ढिला पडतो आणि तेथील थोडा प्रकाश परत धाडतो. दिवसाच्या प्रकाशात ही गळती डोळ्यांस जाणवत नाही. दिव्याखाली मात्र ती उघडी पडते.

तसे का व्हावे, हे थोड्या हिशेबाने ध्यानात येते. तापलेल्या पदार्थातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा जो नियम माक्स प्लांकने १९०० साली मांडला, त्यानुसार २७०० केल्विन तापमानाच्या तारेच्या दिव्यातून ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाच्या जेमतेम एक षष्ठांश निघतो. आणि मेणबत्तीची ज्योत १९०० केल्विन धरली, तर हा हिस्सा पंचविसाव्या भागाहूनही खाली जातो. अशा निळ्याला दुष्काळ आणि तांबड्याला सुकाळ असलेल्या दालनात काळे वस्त्र आपल्या तांबड्या गळतीमुळे किंचित तपकिरी छटा धारण करते. गर्द निळे वस्त्र मात्र विपुल असलेला नारिंगी प्रकाश शोषून घेते, आणि जो निळा परत धाडायचा तो दिव्याकडूनच त्याला फारसा मिळत नाही. जो अत्यल्प निळा परततो तो उरल्यासुरल्या पिवळट-तांबूस झाकेला छेद देतो, आणि डोळ्यांपुढे निर्भेळ काळोखाचा भास उभा राहतो.

हीच युक्ती आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या राबत आली आहे. धोतर किंवा सदरा वापरून पिवळट पडला, की तो धुतल्यावर निळीच्या पाण्यातून काढावयाचा, म्हणजे निळी छटा पिवळेपणाला मारते आणि कापड पूर्वीहून शुभ्र भासते. लंडनचा शिंपी काळ्याच्या बाबतीत जे करीत होता, तेच आपल्या आज्या पांढऱ्याच्या बाबतीत करीत होत्या. आणि या दोन टोकांच्या रंगांना शुद्ध करणारी छटा एकच असावी, या गोष्टीचे मला फार अप्रूप वाटते.

परंतु तेच निळे वस्त्र दालनाबाहेर, बर्फाळ संधिप्रकाशात आले, की त्याचे वर्तन नेमके उलटे होते. संध्याकाळचे माथ्यावरचे आकाश निळे का राहते, याचा खुलासा एडवर्ड हलबर्टने १९५३ साली केला: वातावरणाच्या वरच्या थरांतील ओझोन नारिंगी-पिवळा प्रकाश शोषतो, आणि त्या वेळच्या निळेपणाचा मोठा वाटा त्याचाच असतो. त्यात आपल्या डोळ्यांची तऱ्हा अशी, की भरपूर उजेडात ते ५५५ नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्या प्रकाशास सर्वाधिक दाद देतात आणि अंधुक उजेडात हा कळस ५०७ च्या आसपास, म्हणजे निळ्याकडे सरकतो. बोहेमियातील यान पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पहाटेच्या वेळी फुलांकडे पाहताना हे टिपले होते; तांबडी फुले काळवंडून जात आणि निळी उजळ भासत. आकाशाने निळा उधळावा आणि डोळ्याने तोच अधिक टिपावा, या दुहेरी कृपेमुळे आत काळे भासलेले वस्त्र अंगणात येताच आपला निळा रंग प्रकट करते, आणि शेजारचा मरून झगा मात्र अंधारात विरून जातो.

ज्या दिव्यांच्या भरवशावर शिंप्यांचे हे ज्ञान उभे होते, ते दिवे आता पालटत चालले आहेत. पांढऱ्या एलईडी दिव्याच्या पोटात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाशच असतो, आणि त्याचा काही भाग पिवळ्या स्फुरकाने रूपांतरित होऊन एकूण उजेड पांढरा भासतो. हा निळा दिवा सिद्ध करणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शुभ्र एलईडीखाली राजपुत्राचा पोशाख काळ्याचे सोंग वठवू शकणार नाही. तो निळा म्हणूनच दिसेल. मला ही हानी वाटत नाही, कारण निळे नेसणारीला आपले वस्त्र निळेच दिसावे असे वाटत असेल, तर तिला इतका अनुकूल काळ पूर्वी कधी नव्हता.

काळ्याच्या बाजूने उबेचा दाखला दिला जातो. आपल्याकडे संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसतात त्याची मीमांसाही अशीच करतात, आणि पौषातल्या उन्हात ती ग्राह्य आहे. रात्रीच्या दालनात मात्र ऊन नाही. अंगातून निघणारी ऊब सुमारे १० मायक्रोमीटरच्या अवरक्त किरणांत वावरते, आणि तेथे काळे कापड, निळे कापड असा भेद जवळजवळ उरतच नाही. तेथे उपयोगी पडते ती कापडाची जाडी आणि त्यात कोंडलेली हवा.

लहानपणी साडीखरेदीला गेल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायका पसंत पडलेले पातळ हमखास दुकानाच्या दारापाशी नेऊन उन्हात धरून पाहत. दिव्याने रंग फसतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. दिवसाच्या लग्नकार्यासाठी ती परीक्षा अचूक होती. रात्रीच्या समारंभासाठी निळे निवडणारीने मात्र दारातून परत आत यावे, आणि ज्या दिव्याखाली ते मिरवायचे त्याच जातीच्या दिव्याखाली ते पुन्हा एकदा उलगडून पाहावे.