फोटो मोठा करताना चेहरा हरवू नये

आमच्या घरात नानाजानचा एकच फोटो आहे. मुंबईहून जेद्दाला हजची जहाजे जात असत त्या काळात, सत्तरच्या दशकात, हजच्या कागदपत्रांसाठी त्यांनी तो काढून घेतला होता. एरवी फोटो काढून घेणे त्यांना पसंत नव्हते. साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरचा तो काळा-पांढरा तुकडा नानीने आजवर रुमालात गुंडाळून आपल्या पेटीत जपला.

गेल्या वर्षी नानीची नजर फारच कमी झाली. एकदा ती म्हणाली, "ह्यांचा चेहरा आता ओळखू येत नाही. जरा मोठा करून द्याल का?" आम्हा नातवंडांना हे काम सोपे वाटले. कुवेतच्या मामूंनी पूर्वी कधी तरी त्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. तोच आम्ही स्टुडिओत दिला आणि 12 बाय 15 इंचाची प्रिंट करून आणली. नानीने ती हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि विचारले, "हे कोण?"

चेहऱ्याच्या जागी नुसते करडे ठिपके होते. मग माझ्या भावाने चेहरा 'स्वच्छ' करणारे एक ॲप वापरले. फोटो एकदम लख्ख झाला. नानी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "दाढी ह्यांचीच आहे, माणूस दुसरा आहे."

चूक कुठे झाली हे शोधताना जे शिकलो, ते प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे. आज फोटो हजारोंनी निघतात, पण कागदावर आणायची वेळ आली की कुणाचे डोके कापले जाते, तर कुणाचा चेहरा धूसर होतो.

पीठ तेवढेच, भाकरी मोठी

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा आहे, म्हणजे आडव्या बाजूला 4000 आणि उभ्या बाजूला 3000 ठिपके आहेत. या फोटोला इंचात माप नसते. कागदावर एका इंचात किती ठिपके बसवायचे हे ठरले, की प्रिंटचे माप ठरते.

हातात धरून पाहण्याच्या फोटोसाठी एका इंचात 300 पिक्सेल हे चांगले प्रमाण मानतात. 200 वरही ठीक प्रिंट येते. त्याखाली गेलो की बारकावे विरघळू लागतात. पिठाचा गोळा तेवढाच असेल आणि भाकरी मोठी थापत गेलो, तर ती पातळ होते आणि शेवटी फाटते. फोटोचेही तसेच आहे.

मामूंच्या फोटोतला चेहऱ्याचा भाग जेमतेम 500 बाय 640 पिक्सेलचा होता. तो 12 बाय 15 इंचांवर ताणला तेव्हा एका इंचाच्या वाट्याला फक्त 42 पिक्सेल आले. 300 च्या हिशेबाने त्यातून पावणेदोन इंच रुंदीचाही फोटो निघाला नसता.

हिशेब सोपा आहे. प्रिंटची लांबी-रुंदी इंचात घ्या आणि प्रत्येकीला 300 ने गुणा. नेहमीची मापे अशी :

4 बाय 6 इंच : 1200 बाय 1800 पिक्सेल
5 बाय 7 इंच : 1500 बाय 2100 पिक्सेल
8 बाय 10 इंच : 2400 बाय 3000 पिक्सेल
8 बाय 12 इंच : 2400 बाय 3600 पिक्सेल
12 बाय 18 इंच : 3600 बाय 5400 पिक्सेल

आपल्या फोटोत किती पिक्सेल आहेत ते मोबाईलच्या गॅलरीत फोटोच्या माहितीत दिसते. विंडोज संगणकावर फाईलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' आणि मग 'डिटेल्स' उघडावे.

आकडा बदलणे आणि पिक्सेल बदलणे

इथे पुष्कळ जण फसतात. 'फोटो 72 डीपीआयचा आहे, 300 करून आणा' असे कुणी सांगतो. गिम्पमध्ये 'इमेज' मेनूत 'प्रिंट साइज' आहे. तिथे 72 चे 300 केले तर फोटोतला एकही पिक्सेल बदलत नाही. कागदावर तो किती इंचांचा येईल, एवढीच नोंद बदलते. त्याच मेनूतल्या 'स्केल इमेज'ने मात्र पिक्सेल खरोखर कमी-जास्त होतात.

कमी करायला हरकत नसते. वाढवताना संगणक शेजारच्या ठिपक्यांवरून नवे ठिपके अंदाजाने भरतो. थोड्या वाढीत ते खपून जाते. पण जो बारकावा कॅमेऱ्याने टिपलाच नाही, तो असा परत येत नाही. चेहरा उजळणारी ॲप एक पाऊल पुढे जातात : डोळे, नाक, कातडी स्वतःच्या मनाने रचतात. निसर्गदृश्यात ते चालून जाईल. गुजरलेल्या माणसाच्या एकमेव फोटोत असे करू नये. पुढच्या पिढीला तोच बनावट चेहरा खरा वाटेल.

डोके का कापले जाते?

बहुतेक मोबाईलचा फोटो 4:3 प्रमाणाचा असतो. 4 बाय 6 चा कागद 3:2 प्रमाणाचा, म्हणजे जास्त लांबट. लॅबचे मशीन कागद पूर्ण भरायला फोटोच्या अरुंद बाजूचा सुमारे नववा भाग कापते. आडव्या ग्रुप फोटोत तो वरून आणि खालून जातो. निकाहच्या फोटोत मागच्या रांगेत उभ्या असलेल्या चाचांची टोपी अशीच गायब होते.

म्हणून फोटो काढतानाच चारही बाजूंना थोडी जागा सोडावी. प्रिंटला देण्याआधी गॅलरीतल्या 'क्रॉप'मध्ये 3:2 प्रमाण निवडून काय ठेवायचे आणि काय सोडायचे ते आपणच ठरवावे. काहीच कापायचे नसेल, तर लॅबवाल्याला 'पूर्ण फोटो बसवा, कडेला पांढरी पट्टी चालेल' असे स्पष्ट सांगावे. फोटो ओढून-ताणून मात्र मापात बसवू नये. लांबी आणि रुंदी वेगवेगळ्या प्रमाणात बदलली की माणसे एक तर फुगतात, नाही तर उभट होतात.

व्हॉट्सॲप आणि अर्जाचे फोटो

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन पोहोचतो. लांब बाजू साधारण 1600 पिक्सेल उरते. त्यातून 4 बाय 6 ची प्रिंट बरी येईल, 8 बाय 12 ची नाही. प्रिंटसाठी फोटो मागवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे. मूळ फाईल जशीच्या तशी येते. आखातातल्या भावाकडून उमराहचे फोटो मागवताना एवढे लक्षात ठेवावे.

दुसरी खबरदारी ऑनलाइन अर्जांची. परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज बऱ्याचदा 50 केबीच्या आतला फोटो मागतो. मुले मूळ फोटोच दाबून लहान करतात आणि तोच जतन करतात. पुढे अल्बमसाठी हवा असतो तेव्हा मोठा फोटो उरलेलाच नसतो. आधी कॉपी करावी, जे काही लहान करायचे ते कॉपीत करावे.

पासपोर्ट साइज घरीही जमते. 35 बाय 45 मिलिमीटर म्हणजे 300 च्या हिशेबाने 413 बाय 531 पिक्सेल. 4 बाय 6 इंचाच्या एका कागदावर असे 8 फोटो बसतात. प्रिंट काढताना 'फिट टू पेज' बंद ठेवून 100 टक्के निवडावे, नाही तर माप चुकते. हज, पासपोर्ट, व्हिसा यांची मापे आणि नियम वेगवेगळे असतात. त्या-त्या वेळच्या सूचना वाचूनच फोटो करावा.

पेटीतला फोटो

आता नानाजानच्या फोटोकडे परत येऊ. उपाय आमच्याच घरात होता. नानीला विचारून आम्ही रुमालातला मूळ फोटो काढला आणि मोबाईलने टिपण्याऐवजी काचेच्या सपाट स्कॅनरवर ठेवला. काच आधी कोरड्या मऊ कापडाने पुसली. स्कॅनरवर 1200 डीपीआय निवडले. एवढ्याशा तुकड्यातून साधारण 1650 बाय 2120 पिक्सेल मिळाले. 300 ने भागले तर साडेपाच बाय सात इंच. म्हणून हट्ट सोडून 5 बाय 7 चीच प्रिंट काढली.

जुना फोटो पोस्टकार्डाएवढा असेल तर 600 डीपीआयही पुरते, त्यातून दुप्पट मापाची प्रिंट निघते. त्यापुढे आकडा कितीही वाढवला, तरी जुन्या कागदावर जो तपशील नाही तो स्कॅनर आणणार कुठून? स्कॅनची मूळ फाईल हात न लावता ठेवावी. डाग-ओरखडे पुसायचे ते कॉपीवर, आणि चेहऱ्याला न शिवता.

नवी प्रिंट 12 बाय 15 च्या मानाने लहानच होती. नानीने ती खिडकीजवळ नेली आणि भिंग लावून पाहू लागली. धूसर प्रिंटवर भिंगाचा काहीच उपयोग झाला नव्हता, इथे झाला. तिचे बोट डाव्या भुवईवर थांबले. तिथे एक बारीक खूण होती, जी ॲपने डाग समजून पुसून टाकली होती.

"माडावरून पडले होते," नानी म्हणाली. "लग्नाच्या आधी. मला त्यांनीच सांगितले होते." मग ती हळू आवाजात त्यांच्यासाठी दुआ मागू लागली.

आमच्याकडे माणसांचे फोटो भिंतीवर लावत नाहीत. ती प्रिंट नानीच्या कपाटात पाकिटात आहे. स्कॅनची फाईल माझ्याकडे, भावाकडे आणि कुवेतला मामूंकडे आहे. मामूंना ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली. मूळ फोटो पुन्हा रुमालात गेला.

तुमच्या घरातही अशी एखादी पेटी असेल. वडीलधारे हयात आहेत, तोवर त्यातले फोटो बाहेर काढा, नीट स्कॅन करा आणि प्रत्येक फोटोत कोण आहे ते त्यांच्याकडून लिहून घ्या. भुवईवरच्या खुणेची हकीकत कुठल्याही फाईलमध्ये सापडत नाही.