न्हाणीघरांतील दिवा

घरांतील सर्वांत लहान खोली बहुधा न्हाणीघर, आणि दिव्याच्या बाबतींत सर्वांत उपेक्षितहि तीच. बैठकीच्या खोलीसाठीं झुंबर निवडतांना दहा दुकानें पालथीं घालणारा गृहस्थ न्हाणीघराच्या छताला एक उघडा होल्डर लोंबत ठेवतो आणि त्यांत उरलासुरला बल्ब अडकवून मोकळा होतो. वस्तुतः वीज आणि पाणी यांची गांठ पडण्याचा संभव सर्वांत अधिक तो याच खोलींत.

कातडी कोरडी असतां विजेस बराच अडथळा करिते. ती भिजली कीं हा अडथळा एकदम ओसरतो. त्यांत ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहिलें, म्हणजे देहांतून जमिनींत उतरण्यास विजेला वाटच मिळते. भारतांत घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट. एऱ्हवीं झिणझिण्यांवर निभावला असता असा धक्काहि येथें प्राणघातक ठरूं शकतो.

म्हणून दिवा बदलण्यापूर्वीं बंद करावयाचें तें भिंतीवरील बटण नव्हे, मेन स्विच. हा भेद पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. जुन्या घरांतून कित्येकदां बटण फेजच्या तारेवर न बसवितां न्यूट्रलच्या तारेवर बसविलेलें असतें. अशा ठिकाणीं बटण बंद केल्यावर दिवा विझतो खरा, पण होल्डरमध्यें वीज जशीच्या तशी राहते, आणि स्टुलावर उभा राहून बल्ब काढणाऱ्याला याची कल्पनाहि नसते. ही उलटापालट परवानाधारक वायरमनकडूनच दुरुस्त करवावी व त्याच वेळीं ३० मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. बसवून घ्यावा. तो फेजमधून गेलेली व न्यूट्रलमधून परतलेली वीज सतत ताडून पाहतो आणि तफावत पडतांच क्षणार्धांत प्रवाह तोडतो. फ्यूज तारेला जपतो, माणसाला नव्हे.

दिव्याच्या आवरणावर आय. पी. या अक्षरांपुढें दोन आंकडे असतात. त्यांतील दुसरा पाण्याविषयींचा. तो ४ असेल तर आवरण सर्व बाजूंनीं उडणारे शिंतोडे सोसतें. शॉवरच्या आसपास मात्र ६५ चें आवरण घेणें बरें.

प्रकाश किती, याहून तो कोठून येतो, हें येथें अधिक महत्त्वाचें. एकुलता दिवा छताच्या मध्यावर असला, म्हणजे आरशासमोरील माणसाच्या कपाळावर उजेड आणि डोळ्यांखालीं व हनुवटीखालीं सावली पडते. दाढी करणाऱ्याचा वस्तरा नेमका तेथेंच चुकतो. आरशाच्या दोन्ही बाजूंस चेहऱ्याच्या उंचीवर दिवे लावले कीं एकाची सावली दुसरा पुसून टाकतो. पूर्वींच्या ६० वॉटच्या बल्बाइतका, म्हणजे सुमारें ८०० लूमेन उजेड ९ वॉटचा एल. ई. डी. दिवा देतो, म्हणून दुकानांत वॉट नव्हे, लूमेन विचारावे. दिवा पूर्ण बंद आवरणांत घालावयाचा असल्यास तो तशा वापरासाठीं बनविलेला आहे काय, हेंहि पाहावें, कारण कोंडलेल्या उष्णतेनें तो लौकर निकामी होतो.

घरांत वृद्ध माणूस असेल तर रात्रीचा विचार निराळा करावा लागतो. झोपेंतून उठलेल्या डोळ्यांवर लख्ख पांढरा उजेड पडला कीं क्षणभर कांहींच दिसत नाहीं, आणि ओल्या फरशीवर पाय घसरण्यास तेवढा क्षण पुरतो. त्याकरितां दाराजवळ, गुडघ्याच्या उंचीवर, पाण्यापासून दूर असा एक मंद पिवळसर दिवा स्वतंत्र बटणावर घ्यावा. आणि तें बटण न्हाणीघराबाहेर, अंधारांत चांचपडतां हातास लागेल अशा जागीं बसवावें.