वीस मिनिटांची रात्र

शिडाच्या होडीतून एकट्यानं समुद्र ओलांडणारा माणूस डोळे मिटतो, त्या क्षणी कायदा मोडतो. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले. त्यातला पाचवा सांगतो, की प्रत्येक नौकेवर सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी योग्य पहारा हवा. एकट्या माणसाला यात सूट नाही. तरीही दिलीप दोंदे २००९-१० मध्ये चार थांबे घेत, तर अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता, पृथ्वीला वळसा घालून मुंबईला परतले. होडी दोघांची एकच, गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’. दोघंही वाटेत झोपले, आणि झोपायलाच हवं होतं. एकट्याच्या सफरीत झोप हे शिडं सांभाळण्याइतकंच महत्त्वाचं काम असतं.

प्रश्न असतो, एका वेळी किती झोपायचं? त्याचं उत्तर आधी भूमितीत शोधावं लागतं. होडीवर उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून साधारण दोन मीटर उंचीवर धरले, तर क्षितिज जेमतेम तीन सागरी मैलांवर येतं. त्यापलीकडचं जहाज दिसतं, ते त्याच्या उंचीमुळे. पन्नास मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा किमान सहा सागरी मैलांवरून दिसावा, असा दंडक आहे. आता समोरून वीस नॉटनं जहाज येतंय आणि होडी पाच नॉटनं त्याच्याच दिशेनं चाललीय असं समजा. दोघांमधलं अंतर तासाला पंचवीस मैलांनी घटतं. म्हणजे सहा मैल संपायला साडेचौदा मिनिटंही लागत नाहीत. हवा स्वच्छ असली तर उंचावरचे दिवे याहून बरेच लांबून दिसतात. त्या भरवशावर अनेक नाविक वीस मिनिटांचा गजर लावतात. उठायचं, चहूकडे नजर फिरवायची, पुन्हा आडवं व्हायचं. पाऊस किंवा धुकं असेल तर हीच वीस मिनिटं निव्वळ जुगार ठरतात.

मेंदूलाही हा हिशेब काही अंशी मानवतो. झोपेचं एक आवर्तन सुमारे नव्वद मिनिटांचं असतं. सहसा वीस मिनिटांत माणूस गाढ झोपेत फार खोल उतरत नाही, म्हणून उठल्यावर लवकर भानावर येतो. गाढ झोपेतून ओढून काढलेला माणूस मात्र बराच वेळ बधिर असतो, आणि त्या अवस्थेत भलताच दोर सोडायला एक क्षण पुरतो. एकट्यानं शर्यतीत उतरणाऱ्या नाविकांच्या झोपेचा अभ्यास क्लाउडिओ स्टॅम्पी या संशोधकानं केला. एलेन मॅकआर्थरसारखी नावाजलेली नाविक त्याचा सल्ला घेत असे. पण तुकड्यातुकड्यांच्या झोपेवर थोडे दिवस निभतं, महिने नाही. थकवा साचला की नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेली माणसं दिसतात. म्हणूनच जहाजांच्या वाटांपासून दूर, दक्षिणेच्या मोकळ्या महासागरात, रडार आणि एआयएसचा (आसपासच्या जहाजांची ओळख आणि जागा कळवणाऱ्या यंत्रणेचा) गजर लावून तास-दीड तास झोपणं मला निष्काळजीपणाचं वाटत नाही. उलट तेच शहाणपणाचं.

तोवर सुकाणू कोण धरतं? वाऱ्यावर चालणारी पट्टी किंवा विजेवरचा ऑटोपायलट. पट्टीची एक खोड आहे. ती होडीचा वाऱ्याशी असलेला कोन राखते, दिशा नाही. वारा फिरला की होडीही गुपचूप फिरते, कधी थेट किनाऱ्याकडे. म्हणून मुरलेला नाविक झोपेतही होडीचा कल ओळखतो. तो बदलला की गजराआधी जागा होतो. मुंबईत सागवानात बांधलेली ३२ फुटी ‘सुहेली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननं १९६८-६९ मध्ये पहिली एकट्याची विनाथांबा प्रदक्षिणा केली. ऑस्ट्रेलियाच्या आसपास त्याची पट्टी कायमची निकामी झाली. उरलेल्या वाटेवर त्यानं शिडं आणि सुकाणू यांचा असा तोल साधला, की होडी आपली आपणच चालत राहिली.

खरी भीती किनाऱ्याजवळ असते. सप्टेंबर २००९ मध्ये सोळा वर्षांची जेसिका वॉटसन प्रदक्षिणेला निघण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत होडी नेत होती. रात्री एका प्रचंड मालवाहू जहाजाशी टक्कर झाली, डोलकाठी मोडली. चौकशीत होडी आणि जहाज, दोन्हींवरचा पहारा अपुरा ठरला. तेव्हा मोठं जहाज आपल्याला बघेल, या समजुतीवर कुणी झोपू नये. जानेवारी २०२१ मध्ये वांदे ग्लोब शर्यतीत बोरिस हेरमान अख्खं जग फिरून आला आणि शेवटच्या नव्वद मैलांत मासेमारी बोटीवर आदळला. तो झोपला होता, आणि गजराची यंत्रणा वाजलीच नव्हती.

कोकणच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्यालाही हेच लागू. रात्री मासेमारी बोटींचे दिवे चहूकडे असतात, प्रत्येकीवर एआयएस असेलच असं नाही, जाळ्यांचे तरंगते बोये तर अंधारात दिसतही नाहीत. अशा रात्री वीस मिनिटंही परवडत नाहीत. झोप घ्यायची ती दिवसा, बोटी विरळ झाल्यावर. आणि नेमक्या याच पाण्यात नाविक सर्वांत थकलेला उतरतो, कारण निघण्याआधीचे दिवस डागडुजीत, सामान भरण्यात, निरोप देणाऱ्यांच्या गर्दीत गेलेले असतात. पाण्याची पिंपं मोजून भरणाऱ्यानं निघण्याआधीच्या दोन रात्री फोन बंद ठेवून, घरच्यांनाही दार ठोठावायची मनाई करून, पुरती झोप काढावी.