राणी नव्हे, इंजिनीअर!

बाई आणि विमान म्हटलं की आपल्याला आठवते ती वैमानिक. विमान कागदावर आखणारी, त्याचं सगळं गणित मांडणारी बाई मात्र सहसा डोळ्यांसमोर येत नाही. कॅनडाची एल्सी मॅकगिल अशी होती.

एल्सीचा जन्म १९०५ चा, व्हँकुव्हरचा. आई हेलन न्यायाधीश, त्यामुळे शिकलेली, काम करणारी बाई घरातच पाहिलेली. १९२७ मध्ये टोरांटोत ती इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाली आणि विमानशास्त्र शिकायला अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेली. १९२९ मध्ये पदवी हाताशी आली, अन् नेमका तेव्हाच पोलिओसारख्या आजाराने घाला घातला. पाय गेले. यापुढे व्हीलचेअरच, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. एल्सी घरी परतली. बसल्या जागी विमानांवर लेख लिहून चार पैसे मिळवू लागली आणि हळूहळू दोन काठ्यांच्या आधाराने चालायलाही शिकली.

१९३८ मध्ये फोर्ट विल्यमच्या विमान कारखान्यात ती मुख्य अभियंता झाली. तिथे नवशिक्या वैमानिकांसाठी तिने ‘मेपल लीफ ट्रेनर टू’ हे हलकं विमान तयार केलं. एकावर एक असे दोन पंख असलेलं हे विमान १९३९ मध्ये उडालं. पायांमुळे स्वतः विमान चालवणं शक्य नव्हतं, पण चाचणीच्या उड्डाणात ती हट्टाने वैमानिकासोबत बसायची. आपल्या आकडेमोडीवर आधी आपला जीव लावायचा, मग दुसऱ्याचा!

पुढे महायुद्धात याच कारखान्याकडे ‘हरिकेन’ लढाऊ विमानांचं काम आलं. आपल्याकडे एकीच्या मापाचा ब्लाऊज दुसरीला बसत नाही. इथे मात्र कॅनडात बनलेला भाग इंग्लंडमधल्या विमानालाही चपखल बसायला हवा होता. १९४३ पर्यंत १४०० हून अधिक विमानं बाहेर पडली. कामगार सुमारे ५०० वरून ४५०० झाले, त्यात निम्म्या बायका! बर्फात उतरण्यासाठी विमानाला स्की बसवायचं कामही एल्सीने केलं.

१९४२ मध्ये तिच्यावर चित्रकथा निघाली, ‘हरिकेनची राणी’. मला बाई ते ‘राणी’ खटकतं. राणीला कुठे आकडेमोड करावी लागते?

१९४३ मध्ये लग्न झाल्यावर तिने टोरांटोत स्वतःचा सल्लागार व्यवसाय थाटला. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी १९६७ मध्ये नेमलेल्या सरकारी आयोगाचीही ती सदस्य होती. १९७० च्या त्या अहवालात १६७ शिफारशी होत्या. समान कामाला समान वेतन, बाळंतपणाची रजा, पाळणाघरं... आपल्याही घरातलेच प्रश्न की नाही? १९८० मध्ये ती गेली. २०२३ मध्ये कॅनडाने तिच्या स्मरणार्थ एक डॉलरचं नाणं काढलं.

मला मात्र नाण्यापेक्षा तिची ती घरी बसलेली वर्षं मोठी वाटतात. चालता येत नव्हतं, हे खरंच होतं. पण लिहिता येत होतं. एल्सीने तिथून सुरुवात केली.